बदकांचं पाणी

बदकाला पाणी लागतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण बदकाइतकं पाणी घाण करणारं दुसरं जनावर नाही, हे बदकं पाळल्याशिवाय कळत नाही. म्हैस परवडली, ती निदान एका जागी बसते. बदक आधी भरड्यात चोच खुपसणार, मग तीच लडबडलेली चोच पाण्यात बुडवणार, नाक शिंकरल्यासारखं फुरफुर करणार, पुन्हा भरडा, पुन्हा पाणी. दोन मिनिटांत चांगल्या पाण्याची आंबील. आणि एवढं करून ते मान वाकडी करून आपल्याकडे असं बघतं, जणू हे पाणी घाण केलं कोणी म्हणून आपल्यालाच जाब विचारतंय. माझ्या तेराव्या-चौदाव्या वर्षातले सहा महिने आमच्या चार बदकांना प्यायला स्वच्छ पाणी देण्यात गेले. त्या सहा महिन्यांबद्दल मी घरात कधी फारसं बोलले नाही. आता बोलायला हरकत नाही, कारण ज्यांच्याशी बोलायचं होतं त्यांच्यापैकी कोणी उरलेलं नाही.

आमचं घर मखमलाबादच्या अलीकडे, मळ्यातच होतं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना फुलं पिकवायचे. थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, आणि गुलाब बारा महिने. पहाटे फुलं तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि उजाडायच्या आत फुलबाजारात पोचवायची, ह्या घाईनं आमच्या घराचा दिवस सुरू व्हायचा. नाना माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूण चालायचा, पण अंडं-मटण उंबऱ्याच्या आत नाही. आई सकाळी सहाला नळ आला की तासाभरात घरचं सगळं पाणी भरायची. पिण्याचा तांब्याचा हंडा, स्वयंपाकाचा पितळी, वापरायचं पत्र्याचं पिंप. आदल्या दिवशीचं शिळं पाणी ती झाडांना घालायची. उरलेलं पेलाभरसुद्धा पुन्हा हंड्यात ओतायची नाही. भांड्यांच्या बाबतीत तिचं फार कडक होतं. दही कशात लावायचं, चिंचेचं सार कशात उकळायचं, लोणचं कशात काढायचं, हे सगळं ठरलेलं. चुकून कोणी आमटी पितळी पातेल्यात ठेवली तर “कळकेल ना ती!” असं ओरडत ती आतून पळत यायची.

आणि घरात आत्या होती. नानांची धाकटी बहीण, कमल. लग्न नांदगावकडं झालेलं, पण दम्यामुळं सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली. टाकली नव्हती, असं सगळे सारखं सांगायचे. “बरी झाली की नेतो,” असा निरोप होता. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिचे मोठे दीर येऊन बघणार होते. दम बसला असेल तर नेणार होते. नसेल तर काय, हे निरोपात नव्हतं. आत्या हसरी होती, चिडवायची, मला वेणीला धरून ओढायची, पण हसता हसता तिचा श्वास अडकायचा आणि छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. मी गणितं सोडवत बसलेली असायचे, ती शेजारी मोगऱ्याच्या कळ्या ओवत असायची, आणि त्या शिट्टीवरून मला कळायचं आजचा दिवस कसा जाणार आहे ते.

बदकं आणली देवकाबाईनं. देवकाबाई हरसूलकडची, भाताची कापणी झाली की फुलं तोडायच्या कामाला आमच्याकडे यायची आणि मळ्यातल्या खोपीत राहायची. तिनं एक दिवस आत्याची शिट्टी ऐकली आणि आईला म्हणाली, “बाय, बदकाचं अंडं दे हिला. आमच्याकडं एक म्हातारी व्हती, लय दम लागायचा तिला. बदकाच्या अंड्यानं बसला.” आईनं नानांकडे बघितलं. नाना गोणपाट झटकत बाहेर गेले. पुढच्या खेपेला गावाकडून येताना देवकाबाई एस.टी.तून पाटी घेऊनच उतरली. वर फडकं बांधलेलं, आणि फडक्याखाली पॅकपॅक चाललेलं. तीन माद्या, एक नर. एक मादी लंगडी होती, ती म्हणे फुकट मिळाली.

नानांनी दोन अटी घातल्या. “घरात शिजायचं नाय. मागं चूल मांडा आन् तिथं काय करायचं ते करा.” ही पहिली. दुसरी त्यांनी बदकांना मोरीच्या कडेला चोची घालताना बघून घातली. “बदक जे पितं तेच अंड्यात उतरतं, आन् अंड्यातलं माझ्या बहिणीच्या पोटात. मोरीचं पाणी प्यालेलं अंडं कमळी खाणार नाय. ह्यांना माणसाचं पाणी पाजायचं.” मग इकडेतिकडे बघून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मंदे, हे काम तुझं.”

शेवग्याखाली तीन विटांची चूल मांडली. आत्याचं वेगळं पातेलं, वेगळी ताटली. ती उकडलेलं अंडं मीठ लावून खायची, खाताना नाक मुरडायची, मग चूळ भरायची आणि टरफलं गुलाबाच्या मुळाशी पुरून टाकायची. नाना तेवढ्या वेळात मळ्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी काम काढून जायचे. गंमत म्हणजे परत येताना हळूच विचारायचे, “खाल्लं का तिनं?”

माझं काम मात्र दिसत होतं त्यापेक्षा फार अवघड होतं. आधी मी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, परात ठेवली. बदकं तिच्यात बसली. घमेलं ठेवलं, ते नरानं उलथं केलं. फुटक्या माठाचं बूड पुरलं, त्यात तासाभरात चिखल. उथळ भांड्यात ठेवावं तर त्यांचं नाक बुडत नाही, आणि नाक धुतलं गेलं नाही तर डोळ्यांना चिकटा धरतो, हे देवकाबाईनं सांगितलेलं. खोल ठेवावं तर अंघोळ. सकाळी शाळेच्या आधी, दुपारी आल्यावर, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, असं तीनदा मी नळाचं भरलेलं पाणी कळशीनं नेऊन ओतायचे, आणि पाठ फिरवायच्या आत त्यात चोची बुचकळलेल्या असायच्या. माझ्या नाकी नऊ आले होते. एकदा मी रागानं लंगडीला ओल्या फडक्यानं मारलंसुद्धा. ते आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण सगळ्यांत कमी घाण तीच करायची.

शेवटी मला घंगाळ सापडलं. सापडलं म्हणजे ते होतंच, न्हाणीच्या कोपऱ्यात उपडं. प्लॅस्टिकच्या बादल्या आल्यापासून त्यात कोणी अंघोळीचं पाणी काढत नव्हतं. तांब्याचं, जाड, दोन बाजूंना कड्या. चार बदकांनी मिळून ढकललं तरी हलणार नाही असं. मी ते शेवग्याखाली नेलं, मधोमध एक मोठा धोंडा ठेवला, म्हणजे डोकं बुडेल पण बसता येणार नाही. शिवाय तांबं पाणी शुद्ध करतं, हे तर आई रोज हंडा भरताना म्हणायचीच. रोज सकाळी मी ते चिंचेनं घासून, खळखळून विसळून लालबुंद करायचे. नानांनी बघितलं आणि म्हणाले, “पोरीनं डोकं लावलं.” नानांकडून असं काही ऐकायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. मी आठवडाभर त्याच तोऱ्यात होते.

आणि आत्याला खरंच बरं वाटत होतं. थंडी सरल्यामुळे असेल, अंड्यांमुळे असेल, किंवा आपल्यासाठी कोणीतरी एवढा खटाटोप करतंय ह्यामुळे असेल. शिट्टी कमी झाली. ती हंडा उचलून आत नेऊ लागली. आई नानांना म्हणाली, “वन्सं ह्या आखाजीला सासरी जाणार बघा.” सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, पण पुरता नाही. आत्या जावी असं मला वाटत नव्हतं. मी पाणी जितकं चांगलं ठेवीन तितकी ती लवकर जाईल, एवढा हिशोब त्या वयात कळतो. तरी मी काम चुकवलं नाही. हे मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले आहे की काम मी चुकवलं नाही.

शिमग्याला देवकाबाई गावी गेली. सण, मग पुतणीचं लग्न, महिनाभर तरी येणार नव्हती. चैत्रात ऊन असं तापलं की बदकं दुपारी शेवग्याखाली चोची उघड्या टाकून धापा टाकायची. अंडी दोनाची एक झाली, मग एकाआड एक दिवस. आत्याला काळजी लागली. ती म्हणाली, “मंदे, माणसाला ऊन बाधलं की आपण काय देतो? ताक. त्यांना दे की थोडं पाण्यात. पोटात गार पडेल.” आमच्याकडे एक गाय होती, ताकाला तोटा नव्हता. मी संध्याकाळी घंगाळ धुऊन भरायचे आणि त्यात गडवाभर आंबट ताक ओतायचे, म्हणजे सकाळी बदकं सोडली की त्यांना गारेगार मिळेल. त्यांना ते आवडलं असावं. सोडल्या सोडल्या धावत जायची.

तीन-चार दिवस गेले आणि लंगडी उठेना. मग दुसरी मादी. विष्ठा हिरवट, पिसं विस्कटलेली, भरड्याला तोंड लावत नाहीत. पाणी मात्र मागायची. सारखी घंगाळापाशी जाऊन पडायची आणि प्यायची, प्यायची. मला वाटलं उन्हानं कोरड पडलीय. मी ताक वाढवलं. दुपारचंसुद्धा ताकच द्यायला लागले. आत्या शेजारी बसून त्यांच्या अंगावर ओलं फडकं टाकायची. “पितायत ना, मग जगतील,” असं आम्ही दोघी एकमेकींना सांगत होतो.

नाना मला आणि लंगडीला लूनावर बसवून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तुळशीची माळ घातलेला माणूस मांडीवर बदक घेऊन बाकड्यावर बसलाय, हे दृश्य आज आठवलं की मला हसू येतं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, “बदकं इथं कोणी आणत नाही हो.” तरी त्यांनी तिची चोच उघडून बघितली, पोट चाचपलं, एक पावडर दिली. मग मला विचारलं, “पाणी स्वच्छ देतेस ना?”

“तीनदा बदलते. भांडं रोज घासते.”

“शाब्बास. मग भरपूर पाणी पाजत राहा.”

लंगडी त्याच दिवशी घरी आल्यावर गेली. दुसऱ्या दिवशी एक मादी, तिसऱ्या दिवशी दुसरी. नर दोन दिवस एकटा राहिला. तो ओरडायचा नाही; नुसता घंगाळाच्या कडेवर मान टाकून पडायचा. मी त्याच्यासमोर पाणी बदलायचे, त्याला दिसावं म्हणून. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि विचारायला देवकाबाईही नव्हती.

देवकाबाई आली ती नर मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. रिकामं आवार बघून ती शेवग्याखाली गेली. घंगाळ तसंच पडलेलं होतं, तळाशी थोडं ताकपाणी. तिनं वाकून कडेवरून बोट फिरवलं. पाण्याच्या रेषेवर हिरवानिळा थर धरला होता. तिनं बोट नाकाशी नेलं.

“ह्यात ताक घातलं व्हतं?”

“हो.”

“तांब्यात?”

मला त्या क्षणी कळलं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट ठेवायचं नाही, ते कळकतं, त्याचं विष होतं, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोराला ठाऊक होतं. आईनं हातात ताकाचा गडवा देऊन मला ते तांब्याच्या हंड्यात ओत म्हटलं असतं तर मीच ओरडले असते. पण हंडा हे स्वयंपाकघरातलं भांडं. घंगाळ न्हाणीतलं. ते आमच्या लेखी भांडंच नव्हतं. त्याला आईचे नियम लागू होतील हे ना माझ्या मनात आलं, ना आत्याच्या. वर मी रोज चिंचेनं घासून त्याचा उरलासुरला राप काढून टाकत होते. इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

देवकाबाईनं पाणी दूर बांधावर नेऊन ओतलं. मातीनं घंगाळ घासलं, उपडं घातलं आणि म्हणाली, “झालं ते झालं. तू काय मुद्दाम केलं नाय. आता रडू नको, तुझी आई बघल.” पण मी रडत नव्हते. मला नानांचं वाक्य आठवलं होतं. बदक जे पितं तेच अंड्यात उतरतं, आणि अंड्यातलं आत्याच्या पोटात. त्या आठवड्यातली तीन अंडी आत्यानं खाल्ली होती. आणि तिची शिट्टी परत सुरू झाली होती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. मी आत्याच्या आसपास फिरायचे आणि तिचा खोकला मोजायचे. ती जेवली नाही की मीही ताट सरकवायचे. पिण्याच्या हंड्याला मी हात लावणं सोडलं. तहान लागली की विहिरीवर जाऊन मोटेच्या पाटाचं पाणी प्यायचे. बोलावं असं रोज ठरवायचे, पण तोंड उघडलं की भलतंच काही निघायचं. माझ्या मनात आणखी एक गोष्ट घर करून बसली होती: आत्या जाऊ नये असं मला वाटत होतं, म्हणून तर हे माझ्या हातून झालं नाही ना? आज मला ठाऊक आहे की तसं काही नसतं. पण त्या वयात तसंच असतं. आता तर फोनवर दोन शब्द लिहिले की तांबं अंड्यात उतरतं की नाही ते कळेल म्हणतात. माझा भाचा म्हणाला, थांब, मी बघून सांगतो. मी त्याला बघू दिलं नाही.

आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यात स्वच्छ पाणी, वर खरबूज-आंबा, गंधफूल. आई पुरण वाटत होती, तिनं मला हाक मारली, “मंदे, नळ आलाय. घागर तेवढी भर.”

“मी नाही भरणार.”

“का? अडचण आहे का?”

“नाही.”

“मग?”

“माझ्या हातचं पाणी नको.”

आईला वाटलं मी बदकांच्या दुःखानं असं बोलतेय. ती वैतागली. सणाच्या दिवशी हे काय भलतंच, असं काहीबाही बोलली आणि आत्याला हाक मारली. आत्यानं घागर भरली, पाटावर ठेवली आणि मग मला धरून शेवग्याखाली नेलं. विझलेल्या चुलीपाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. अंड्यांचंसुद्धा.

तिनं काटकीनं चुलीतली राख उकरली. शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणाली, “ताक मी सांगितलं.”

“पण घंगाळ माझं होतं.”

“मग दोघींनी मिळून मारली म्हणायची.” तिनं हसायचा प्रयत्न केला, त्यात तिला खोकला आला, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थांबल्यावर ती म्हणाली, “वहिनीला सांगू नकोस हं. तांब्यात ताक म्हटल्यावर ती बदकांपेक्षा भांड्यासाठी जास्त रडेल.”

“आणि अंडी?”

“अंड्यांचं मला काय माहीत, मंदे? खाल्ली. बसलेय ना तुझ्यापुढं.”

एवढंच. ती रागावली असती तर मला सोसलं असतं असं वाटतं.

दोन दिवसांनी तिचे दीर आले. आम्ही सगळे वाट बघत बसलो होतो, आता विचारतील, आता विचारतील. आईनं तर आत्याला सकाळपासून पडून राहायला लावलं होतं, दम लागू नये म्हणून. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “आईचं खुब्याचं हाड मोडलंय. घरात करणारं कोणी नाय. कमलला न्यायला आलोय.”

नाना म्हणाले, “तिचा दम अजून...”

“तिकडंबी दवाखाना हाय की.”

बस्स. दम्याचं कोणी विचारलं नाही. बदकं होती काय, मेली काय, अंडी खाल्ली काय, कशाचाच काही संबंध नव्हता. ती बरी असती तरी नेली असती आणि नसती तरी नेली. नानांनी मान खाली घातली. माळ ओढत बसले. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि आज विचार करते तेव्हा कळतं की ते तरी काय म्हणणार होते. तिकडे पिण्याचं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं, हे त्यांनाही माहीत होतं. तिथं आत्यानं पुढं तीन उन्हाळे काढले. चौथा काढला नाही.

तिची पिशवी भरायला वेळ लागला नाही. आईनं ओटी भरली, सांजोऱ्या बांधून दिल्या. रिक्षा दारात येऊन उभी होती, दीर पुढं जाऊन बसले होते. आत्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि धाप लागून थांबली. आई पाणी आणायला वळली, तर तिनं आईला हातानं थांबवलं.

“मंदे, पाणी आण.”

मी जागची हलले नाही. तिनं पुन्हा म्हटलं, सगळ्यांसमोर, “तुझ्या हातचं आण.”

मी आत गेले. हंड्यातलं पाणी काढायचं ओगराळं घेतलं, विसळलं. पेला घेतला, विसळला, वास घेतला, पुन्हा विसळला. हंड्यात पाणी आहे ते सकाळचंच आहे ना, हे वाकून बघितलं. बाहेरून रिक्षाचा हॉर्न वाजला. आत्या ओरडली, “किती धुशील गं? आण तसाच.” मी पेला तिच्या हातात दिला. तिनं एकदाही त्यात बघितलं नाही. दोन घोट प्यायची, दम घ्यायला थांबायची, पुन्हा प्यायची, असं करत तिनं तो तळापर्यंत रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं.

मला म्हणायचं होतं, आत्या, जाऊ नकोस, तुझा दम बसलेला नाही. सगळे बघत होते, दीर रिक्षातून मान बाहेर काढून बघत होते. रिकामा पेला तिनं माझ्याकडे धरलेला होता. मी तो घेतला आणि विचारलं, “अजून देऊ?”